ग्लोरिया विचारते, रॉजर्स ऐकतात

समुपदेशनाच्या वर्गात नव्याने आलेल्यांना सर्वांत जड जाते ते सल्ला न देणे. समोरचा माणूस कळवळून विचारत असतो, आपल्याला उत्तर सुचलेलेही असते, आणि तरी ते ओठांशी थांबवायचे. हे थांबणे कोरडे होऊ न देता कसे जमते, ते प्रत्यक्ष पाहावे लागते. ‘थ्री ॲप्रोचेस टू सायकोथेरपी’ या १९६५च्या अमेरिकन फिल्ममधली कार्ल रॉजर्स यांची मुलाखत प्रशिक्षणवर्गांत आजही दाखवतात, ती यासाठीच. एखादी मैफल पुन्हा पुन्हा ऐकावी तशी मी ती पाहते.

ग्लोरिया ही तीस वर्षांची घटस्फोटित आई. फिल्मचे निर्माते एव्हरेट शॉस्ट्रम यांनी तिला रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघा मानसोपचारतज्ज्ञांसमोर एकामागून एक बसवले. (एलिस आपल्याकडे कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचयाचे.) रॉजर्स यांच्या वाट्याला साधारण अर्धा तास. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले होते की, घटस्फोटानंतर तुझे कुणा पुरुषाशी संबंध आले का? आई ‘नाही’ म्हणाली. ते खोटे होते आणि ते तिला आता छळते आहे. खरे सांगितले तर मुलीच्या मनावर काही परिणाम होईल का, एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे.

सुरुवातीलाच ती म्हणते की, मी घाबरले आहे, पण तुमच्या हळू आवाजामुळे बरे वाटते. ‘घाबरू नका’ हे शब्द इथे कुणाच्याही तोंडी आले असते. रॉजर्स म्हणतात, तुमच्या आवाजातला कंप मला ऐकू येतो आहे. तिची भीती ते दूर सारत नाहीत, त्यामुळे तिला ती लपवावीही लागत नाही.

पुढे ती पुन्हा पुन्हा उत्तर मागते, आणि शेवटी जवळजवळ तक्रारच करते की, तुम्ही मला असेच तळमळत ठेवणार असे दिसते. प्रशिक्षणार्थीचा तोल जातो तो नेमका अशा क्षणी. एक तर तो घाईने सल्ला देऊन मोकळा होतो, नाही तर पद्धतीच्या आड लपतो. रॉजर्स दोन्ही टाळतात. तुम्हाला तसे सोडून देण्याची माझी मुळीच इच्छा नाही, पण हा प्रश्न इतका तुमचा स्वतःचा आहे की त्याचे उत्तर मी देऊ शकत नाही. तुमच्या उत्तरापर्यंत जायला मात्र मी नक्की मदत करीन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. या नकारात ते स्वतः पूर्ण हजर आहेत. मान डोलावणे आणि समोरच्याचे वाक्य परत म्हणणे यांची नक्कल आठवडाभरात जमते. ही हजेरी जमायला वर्षे लागतात.

मग प्रश्नच हळूहळू बदलतो. मुलगी आपल्याला स्वीकारील का, असे विचारणारी ग्लोरिया स्वतःला तरी स्वीकारते का, इथवर बोलणे येते. रॉजर्स तिला तिकडे ओढत नाहीत. ती जिथे अडखळते तिथे तेही थांबतात.

हे त्यांना आयतेच लाभले नव्हते. तरुणपणी रोचेस्टरच्या बालमार्गदर्शनाच्या कामात एका व्रात्य मुलाच्या आईशी ते अनेक भेटींत बोलले. मूळ कारण आईने मुलाला मनातून नाकारले आहे हे, असे त्यांचे निदान. ते तिच्या गळी उतरवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, आणि तो फसला. दोघांनी थांबायचे ठरवले. दारापर्यंत गेलेली बाई वळली आणि तिने विचारले, तुम्ही इथे मोठ्या माणसांचेही समुपदेशन करता का? परत बसली आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल बोलू लागली. कुठे दुखते आहे हे समोरच्यालाच ठाऊक असते, हे रॉजर्स तिथे शिकले.

मुलाखतीच्या शेवटाकडे ग्लोरिया म्हणते की, माझे वडील माझ्याशी असे कधी बोलू शकले नाहीत. तुम्ही माझे वडील असतात तर! रॉजर्स उत्तरतात की, मला तर तुम्ही छान मुलगी वाटता. कित्येक शिक्षक या वाक्यावर फिल्म थांबवून भावनांच्या स्थानांतरणाची चर्चा काढतात. खुद्द रॉजर्स यांना नंतरच्या टिप्पणीत तो क्षण अशा बौद्धिक स्पष्टीकरणात कोंबणे पटलेले नाही, आणि मला त्यांचेच खरे वाटते. अर्धा तास उत्तर राखून ठेवणारा माणूस इथे स्वतःला वाटलेले सरळ सांगून टाकतो. आधीच्या संयमामुळेच त्या साध्या वाक्याला एवढे वजन आले आहे.

फिल्मच्या अखेरीस, यापुढे आपल्याला कुणाचा सर्वाधिक उपयोग होईल या प्रश्नावर ग्लोरिया पर्ल्स यांचे नाव घेते. रॉजर्सप्रेमींना ते खुपते. मला खुपत नाही. आपली निवड ती कुणाच्या दडपणाशिवाय करते आहे. पुढची हकिकत फिल्ममध्ये नाही, म्हणून शिकवणाऱ्याने ती वर्गात जरूर सांगावी. नंतर एका शिबिरात ती रॉजर्स पती-पत्नींना भेटली, मनाने माझे आईवडील व्हाल का, असे तिने विचारले आणि दोघांनी होकार दिला. पुढे ती हयातभर रॉजर्स यांना अधूनमधून पत्रे लिहीत राहिली.