झाकणावरचे गाव

दिवाळीचा फराळ ठेवण्यासाठी आमच्या घरी दरवर्षी माळ्यावरून एक जुना पत्र्याचा डबा खाली काढला जातो. मुळात तो बिस्किटांचा. त्याच्या झाकणावर एका इंग्रजी खेड्याचे चित्र आहे. गवताने शाकारलेली दोनतीन बुटकी घरे, दारावर चढलेले गुलाब, मागे चर्चचा मनोरा, पुढे ओढा आणि ओढ्यात दोन बदके. माणूस मात्र एकही नाही. यंदा डबा पुसता पुसता माझी धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, अशा गावात राहायला किती छान वाटत असेल नाही? सगळं कसं शांत!"

मी पडलो शाळामास्तर. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. पण या प्रश्नाशी मी अडलो. इंग्लंड मी पाहिलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके मी वाचली ती शब्दकोश मांडीवर घेऊन. तथापि इंग्रजी खेड्यांवरची पुस्तके मात्र मी हौसेने जमवून वाचीत आलो आहे. कारण मी स्वतः खेड्यावर कादंबऱ्या लिहितो, आणि दुसऱ्या शिंप्याने कापड कसे बेतले आहे हे पाहण्याची खोड कोणत्याही शिंप्याला असतेच. तेव्हा मुलीला जे उत्तर त्या वेळी देता आले नाही, ते या पुस्तकांच्या आधाराने येथे देऊन पाहतो. फराळ करता करता वाचकांनी ते ऐकावे.

आरंभ जेन ऑस्टिनपासून करतो. हँपशर परगण्यातल्या चॉटन नावाच्या लहानशा गावी त्या १८०९ पासून १८१७ पर्यंत राहिल्या आणि तेथेच त्यांनी 'एमा' ही कादंबरी लिहिली. या कादंबरीतले हायबरी हे गाव म्हणजे आमच्या झाकणावरचेच गाव म्हणाना! चहापाने, भेटीगाठी, कोणाचे लग्न कोणाशी जुळेल याच्या वाटाघाटी. जगात त्या सुमारास नेपोलियनची युद्धे चालू होती. हायबरीच्या दिवाणखान्यात त्यांचा आवाज जवळजवळ पोचत नाही. पण या शांत गावात एक व्यक्ती अखंड बोलत असते. ती म्हणजे मिस बेट्स. प्रौढ, अविवाहित, म्हाताऱ्या आईला सांभाळून तुटपुंज्या पैशात दिवस काढणारी. कोणी सफरचंदे पाठवली तर ती त्यांच्याविषयी पाऊण तास बोलेल. बॉक्स हिलवरच्या सहलीत श्रीमंत, देखणी एमा तिच्या या बडबडीवर सर्वांदेखत एक बोचरा विनोद करते, आणि मग नाइटली तिला सुनावतो की, ही बाई गरीब आहे, तिचे दिवस उतरते आहेत, तुला हे शोभले नाही.

पहिल्या वाचनात मिस बेट्सची भाषणे मी पाने उलटून टाळली होती, हे कबूल करतो. पुढे कळले की कादंबरीचे मर्म तिथेच आहे. ज्या गावात काही घडत नाही, तिथे एकट्या बाईला सफरचंदाचासुद्धा आधार वाटतो. तिची बडबड म्हणजे त्या शांततेचे वजन आहे. ऑस्टिनबाईंना ते ऐकू आले होते. मात्र त्यांचा कान दिवाणखान्यापुरता. हायबरीत स्वयंपाकी आहेत, गडी आहेत, गाडीवान आहेत. पण त्यांच्या चुलीपाशी ही कादंबरी कधी जाऊन बसत नाही.

ते काम फ्लोरा टॉम्प्सन यांनी केले. ऑक्सफर्डशर परगण्यात ज्युनिपर हिल नावाची एक वाडी आहे. तिथे १८७६ साली एका गवंड्याच्या घरी त्या जन्मल्या. पुढे पोस्टात नोकरी केली आणि साठी गाठल्यावर, १९३९ साली, आपल्या बालपणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'लार्क राइज'. तीसेक घरे आणि एक दारूगुत्ता एवढीच ही वाडी. पुरुष बहुतेक शेतमजूर. मजुरी आठवड्याला दहा शिलिंग. बाई हिशेब सोडत नाहीत, हा मला त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. दहा शिलिंगात घर कसे चालते हे त्या एखाद्या गृहिणीच्या काटेकोरपणाने सांगतात. घराघरामागे एक डुक्कर पोसलेले असते. रविवारी शेजारी-पाजारी ते पाहायला येतात, कारण वर्षाचे मांस म्हणजे तेच. कापणी झाली की बाया आणि मुले शेतात सरवा वेचायला उतरतात आणि त्या दाण्यांवर हिवाळ्यातली भाकर भागवतात. सरवा हा शब्द लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. आमच्याकडे आजी ज्वारीच्या रानात जे करीत असे, तेच तिकडच्या आज्या गव्हाच्या रानात करीत होत्या.

या पुस्तकातली एक नोंद मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या वाडीत बारा-तेरा वर्षांपुढची एकही मुलगी कायमची घरी राहत नसे. ती परगावी मोठ्या घरात मोलकरीण म्हणून जाई. घरात जागा नाही, ताटात घास नाही, म्हणून. माझी मुलगी आज बारा वर्षांची आहे. झाकणावरच्या त्या घरातून मुलींचा हसण्याचा आवाज येत नाही, त्याचे कारण गावाचा शांत स्वभाव नव्हे. मुली तिथे नाहीतच. आणि मुलगे? पुस्तकाच्या अखेरीस चर्चमधल्या पितळी पाटीवर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची अकरा नावे येतात. शेवटचे नाव लेखिकेच्या भावाचे. त्यावर एकही उसासा न टाकता बाई पुस्तक मिटतात. माझ्या मते या विषयावरची ही सर्वांत थोर कृती. यात गोडवा नाही असे नाही. वाडीतली माणसे गुत्त्यात एवढासा पेला संध्याकाळभर पुरवीत गाणी म्हणतात, आणि गरिबीतही कशी आनंदात होती हे लेखिका आवर्जून सांगतात. पन्नास वर्षांच्या अंतराने आठवण थोडी मुरते, मुरांब्यासारखी. पण बाईंनी साखरेबरोबर हिशेबाची वहीही पुढे ठेवली आहे, म्हणून मी त्या साखरेला दोष देत नाही.

लॉरी ली यांच्या 'सायडर विथ रोझी' या १९५९ सालच्या पुस्तकाविषयी मला असे म्हणवत नाही. ग्लॉस्टरशर परगण्यातल्या स्लॅड या दरीतल्या गावचे हे बालपण. भाषा अशी की प्रत्येक वाक्यातून मध ठिबकावा. वाचताना मी भारावून गेलो, आणि चार दिवसांनी मला प्रश्न पडला की, या घरातली मुले खात काय होती? ते सारे पुस्तकात आहे. पण मधात बुडून गेले आहे. तथापि या गृहस्थांनी दोन प्रसंग असे लिहिले आहेत की त्यांपुढे टीकाकाराने मान लववावी. पहिला खुनाचा. परदेशी जाऊन पैसा कमावलेला एक इसम गावी परत येतो, गुत्त्यात बढाया मारतो, गावकऱ्यांना हिणवतो. रात्री बर्फात काही तरुण त्याला गाठून बडवतात; सकाळी तो मेलेला सापडतो. कोणी मारले हे साऱ्या गावाला ठाऊक. पोलीस येतात, दारोदार विचारतात. गाव त्यांना चहा पाजते आणि काही सांगत नाही. दुसरा प्रसंग एका वृद्ध जोडप्याचा. पन्नास वर्षांचा संसार झालेली ही दोघे थकतात, तेव्हा त्यांना अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात नेतात आणि तिथल्या नियमाप्रमाणे पुरुषांच्या व बायकांच्या विभागांत वेगवेगळे ठेवतात. आठवड्याच्या आत दोघेही जातात.

गावाची शांतता आणि गावाचे मौन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला लींच्या पुस्तकाने शिकवले. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३० सालच्या 'मर्डर ॲट द व्हिकरेज'पासून आपल्या कादंबऱ्यांत सेंट मेरी मीड नावाचे काल्पनिक खेडे उभे केले आणि मिस मार्पल नावाच्या म्हातारीला तिथे बागेत बसवले. ही बाई सारे गुन्हे उलगडते ते केवळ खेड्यात राहून माणसे ओळखल्यामुळे. घटकाभर करमणूक म्हणून ते ठीक आहे. परंतु तिथे शेवटच्या पानावर मौन फुटते, गुन्हेगार सापडतो आणि चहा पुन्हा गरम होतो. लींच्या गावात मौन फुटत नाही. मला लींचे गाव खरे वाटते.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. ती न सांगता दुसऱ्याच्या पुस्तकाचे माप काढणे मला प्रशस्त वाटत नाही. माझी पहिली कादंबरी आमच्याच गावावर आहे. तीत मी एक वाक्य लिहिले होते, त्याचा मला मोठा अभिमान होता. दिवेलागणीला खालच्या आळीवर नीरव शांतता उतरे, अशा अर्थाचे ते वाक्य. एका परीक्षणात त्याची वाखाणणीही झाली. पुढे त्या आळीतल्या एका म्हाताऱ्या मजूरबाईच्या नातवाने तिला पुस्तक वाचून दाखवले. ती मला बाजारात भेटली. रागावली नव्हती. म्हणाली, "मास्तर, ब्येस लिवलंय. पर ते निवांत व्हतं म्हणता न्हवं का, त्या साली पाऊस न्हवता. चूल पेटली न्हाई का ल्येकरं बी गप व्हत्यात."

मला उत्तर सुचले नाही. मी घरी आलो आणि 'लार्क राइज' पुन्हा काढले. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' लिहिली. तिचा निवेदकही शाळामास्तरच. दुष्काळाने वाडी ओस पडत जाते, ती शांतता त्यांनी जशी ऐकली तशी मला ऐकू आली नव्हती. मी वरच्या आळीतल्या ओट्यावर बसून खालची आळी ऐकली होती. ऑस्टिनबाईंचा तरी दिवाणखाना त्यांचा स्वतःचा होता. मी दुसऱ्याच्या उपासाला शोभा म्हणून लावले.

शांत इंग्रजी खेड्यात राहणे कसे असते? आज तर त्या गावांचा नूर आणखी पालटला आहे. शेतीत यंत्रे आली, मजूर कमी झाले, कितीतरी गावांतली दुकाने, शाळा, गुत्ते बंद झाले. आणि जी घरे मजुरांची होती ती अनेक ठिकाणी आता शहरात पैसा कमावलेल्यांनाच परवडतात. आता तिथल्या चुली पेटतात, ही सुखाचीच गोष्ट. पण त्या घरांवर प्रेम करणाऱ्या वाचकाने, ही शांतता कोणाला लाभली आणि कोणाला सोसावी लागली, एवढे विचारावे. विचारून मग खुशाल प्रेम करावे. मीही करतो.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती अद्याप निघालेली नाही. निघाली तर एकच वाक्य बदलायचे आहे.

हे सारे मी मुलीला सांगितले. अर्थात थोडक्यात आणि पितळी पाटी वगळून. तिने डबा उचलून झाकण उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाबा, एका घरातून धूर निघतोय. बाकीच्या दोन घरांतून नाही."

इतक्या वर्षांत मला तो दिसला नव्हता. आतून हाक आली की, चिवडा गार झाला आहे, डबा आणा. आम्ही तो नेऊन दिला.