कवायत, स्वातंत्र्य आणि कौशल्य : प्राथमिक शाळेतील जिम्नॅस्टिक्स-शिक्षणाच्या दोन इंग्रजी भूमिकांची चिकित्सा

प्राथमिक शाळेतील मुलांना जिम्नॅस्टिक्सच्या हालचाली कशा शिकवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता तंत्राचा वाटतो. वस्तुतः तो शिक्षणविषयक तत्त्वाचा आहे. मुलाचे शरीर हे शिक्षकाने घडवावयाचे द्रव्य मानावयाचे, की स्वतःची वाट स्वतः शोधणारी शक्ती मानावयाची, याचा निर्णय केल्यावाचून साध्या कोलांटीचा पाठही आखता येत नाही. इंग्लंडमध्ये या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे वीस वर्षांच्या अंतराने सरकारी प्रकाशनांच्या रूपाने पुढे आली. पहिले उत्तर म्हणजे शिक्षण मंडळाचा १९३३ चा शाळांसाठी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम. दुसरे म्हणजे शिक्षण मंत्रालयाची 'मूव्हिंग अँड ग्रोइंग' (१९५२) आणि 'प्लॅनिंग द प्रोग्रॅम' (१९५३) ही जोडपुस्तके. या दोन भूमिकांची तुलना करून त्यांतील ग्राह्य आणि त्याज्य भाग वेगळे करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९३३ च्या अभ्यासक्रमाची वंशपरंपरा स्वीडनमध्ये जाते. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून जी व्यायामपद्धती विकसित झाली, तिने शरीराचे भाग आणि त्यांवर होणारे व्यायामाचे परिणाम यांचा काटेकोर विचार केला होता. १८८१ पासून मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग यांनी लंडनच्या शाळांतून ही पद्धती रुजविली. पुढे हा विषय शिक्षण मंडळाच्या वैद्यकीय विभागाकडे राहिला आणि त्यामुळे त्याची दृष्टीही मुख्यतः आरोग्याची व शरीराच्या ठेवणीची राहिली. वयानुसार लावलेले पाठांचे तक्ते, धड, बाहू, तोल अशी व्यायामांची विभागणी आणि ठरलेल्या क्रमाने होणारी प्रगती ही त्याची लक्षणे होत. मात्र या अभ्यासक्रमास केवळ कवायत म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल. पाठाच्या उत्तरार्धात गटवार सराव आणि खेळ यांना त्याने स्थान दिले होते; आणि विशेष प्रशिक्षण न घेतलेल्या सामान्य वर्गशिक्षकास उद्या सकाळी मैदानावर काय करावयाचे, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले होते. हा गुण लहान नव्हे.

त्याचा दोष निराळ्या ठिकाणी आहे. एक आज्ञा दिली असता सर्व शरीरांकडून एकच हालचाल घडते, हे त्याचे गृहीत आहे. पुढच्या कोलांटीचे उदाहरण घेऊ. हात खांद्यांइतके अंतर ठेवून टेकावेत, हनुवटी छातीशी आणावी, नितंब वर न्यावेत, भार हातांवर पेलावा आणि डोक्याचा माथा नव्हे, तर खांद्यांचा मागील भाग प्रथम गादीस लागावा, ही सूचना निर्दोष आहे. परंतु जन्मसमयी मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एकचतुर्थांश असते. प्रौढाचे ते सातव्या-आठव्या हिश्श्याइतके असते. पाच-सहा वर्षांचे मूल या दोहोंच्या मधल्या वाटेवर असते. त्याने हात सरळ वर केले, तर ते डोक्याच्या पलीकडे फारसे जात नाहीत. मग भार हातांवर पेलून मानेस मोकळीक देणे त्याला मोठ्या मुलापेक्षा कितीतरी अवघड जाणार, हे उघड आहे. आज्ञा तीच, शरीर निराळे. अशा वेळी मान दुमडून धपकन पडणाऱ्या मुलास आपण आज्ञाभंगाचा दोष देतो आणि खरे कारण नजरेआड करतो. उतरत्या पृष्ठभागावरून कोलांटी घेण्यास सांगितले, तर तेच मूल सहज यशस्वी होते. कारण उताराने नितंब आपोआप हातांपेक्षा उंच राहतात. तक्त्यात हा विचार मावत नाही, कारण तक्ता व्यायामाकडे पाहतो, मुलाकडे नव्हे.

१९५२ च्या भूमिकेने नेमका येथेच आघात केला. १९३८ साली इंग्लंडमध्ये आलेल्या रुडॉल्फ लाबान यांच्या चलनविचाराचा प्रभाव तोपर्यंत शिक्षणक्षेत्रात पसरला होता. त्यांचे शैक्षणिक नृत्यावरील पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले होते. भार, अवकाश, काल आणि प्रवाह या चार अंगांनी कोणत्याही हालचालीचे वर्णन करता येते, हे त्यांचे प्रतिपादन शिक्षकांना नवी दृष्टी देणारे होते. त्याच सुमारास युद्धकाळातील कमांडो-प्रशिक्षणातल्या अडथळ्यांवरून सुचलेल्या चढण्या-लोंबकळण्याच्या चौकटी शाळांच्या अंगणांत आल्या. 'असे करा' या आज्ञेची जागा 'या गादीवरून पलीकडे जाण्याचा मार्ग शोधा' या आवाहनाने घेतली. मूल प्रथमच स्वतःच्या शरीराचे कर्ते झाले.

हे परिवर्तन स्वागतार्ह होते, यात शंका नाही. परंतु त्याच्या पोटात एक गंभीर उणीव राहून गेली. मुलाने शोधलेला मार्ग चांगला की वाईट, हे कशावरून ठरवावयाचे? सर्वच उत्तरे सारखी मोलाची मानली, तर शिक्षकाचे काम केवळ कौतुकाचे उरते. आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वातंत्र्याचे वाटप वर्गात समान होत नाही. जे मूल घरी-अंगणात चढले, पडले, उलटेपालटे झाले आहे, ते आवाहन मिळताच नव्या हालचाली शोधते. जे भित्रे आहे, ते गादीवरून चालत पलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशीही चालतच जाते. त्यानेही 'मार्ग शोधला' असेच म्हणावे लागते. म्हणजे ज्याला शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते. कवायतीने या मुलास अपयशी ठरविले होते. स्वातंत्र्याने त्याला यशस्वी म्हणून सोडून दिले. दुसरा अन्याय पहिल्याइतकाच खरा आहे, फक्त तो दिसत नाही. रूथ मॉरिसन यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात शैक्षणिक जिम्नॅस्टिक्सची पद्धतशीर मांडणी केली. तथापि अशी मांडणी पेलण्यास लागणारी नजर सामान्य वर्गशिक्षकाकडे कोठून यावी, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

उत्तरकालीन संशोधनाने या वादावर काही प्रकाश टाकला आहे. रिचर्ड श्मिट यांनी १९७५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार एकच हालचाल एकाच रीतीने घोकण्यापेक्षा विविध परिस्थितींत केलेला सराव अधिक लवचीक कौशल्य निर्माण करतो. हे १९५२ च्या भूमिकेस अनुकूल आहे. उलट, व्हर्न सीफेल्ट यांनी १९८० साली असा विचार मांडला की, धावणे, उडी, फेक यांसारखी मूलभूत कौशल्ये बालपणी पुरेशी पक्की झाली नाहीत, तर पुढील गुंतागुंतीच्या खेळांच्या वाटेवर एक अडसर उभा राहतो. हा इशारा केवळ वाढीवर भरवसा ठेवून स्वस्थ बसणाऱ्या शिक्षकास आहे.

मराठी वाचकास या ठिकाणी मल्लखांबाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या विद्येत अढी, तेढी, दसरंग, वेल असे प्रकार गुरूकडून क्रमाने शिकवले जातात. तेव्हा ती सर्वस्वी 'शोधण्याची' नाही. पण ती निव्वळ आज्ञेचीही नाही. अढी नीट बसली नाही, तर मूल खाली घसरते. बसली, तर ते हात सोडून स्थिर राहते. येथे खांब हाच परीक्षक होय. बरोबर-चूक ठरविण्यासाठी शिक्षकाच्या मर्जीची गरज पडत नाही, आणि मुलालाही आपल्या चुकीचे कारण अंगानेच उमगते. प्रत्येक शाळेत खांब पुरवावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. साठ मुलांच्या वर्गास एक खांब पुरणारही नाही. घ्यावयाचे ते तत्त्व : मानदंड आज्ञेतही नसतो आणि लहरीतही नसतो, तो हालचालीच्या स्वतःच्या नियमांत असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा. उडी मारून जमिनीवर उतरताना घोटे, गुडघे आणि नितंबांचे सांधे वाकले पाहिजेत. त्यामुळे वेग थांबण्यास अधिक काळ मिळतो आणि सांध्यांवरील आघात कमी होतो. ही गोष्ट मुलाच्या पसंतीवर सोडता येत नाही. परंतु उडी कोठून घ्यावी, कोणत्या दिशेने, हवेत शरीराचा आकार कोणता, उतरल्यावर पुढे काय, हे सर्व मुलाचे आहे. नियम थोडे आणि अटळ असावेत. रूपे अनेक आणि मोकळी असावीत. शिक्षकाने पाठ आखताना हे थोडे नियम कोणते, याची निवड करावी, आणि ते पाळणे प्रत्येक शरीरास शक्य होईल अशी परिस्थिती, कधी उतार, कधी कमी उंची, कधी सहाध्यायाचा हात, निर्माण करावी.

अशा पाठाचे मूल्यमापनही निराळे होईल. किती मुलांनी आज्ञा पाळली, हे १९३३ चे मोजमाप; किती मुले आनंदात होती, हे १९५२ चे. काल गादीवरून चालत गेलेले मूल आज तीवर काय करू लागले, हे तिसरे मोजमाप होय. आणि जिम्नॅस्टिक्सच्या तासाची खरी कसोटी त्याच मुलापाशी लागते.