लाल मातीवरचं घर

गिलेर्मो देल तोरो यांचा 'क्रिमसन पीक' २०१५ साली पाहिला तेव्हा माझी साफ निराशा झाली. भयपट म्हणून तिकीट काढलं आणि दोन तासांत एकदाही दचकलो नाही. तरीही त्यानंतर हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहत आलो, तो केवळ त्यातल्या घरासाठी.

कथानक फार नाही. १९०१च्या सुमाराला अमेरिकेतल्या बफेलो शहरातली होतकरू लेखिका एडिथ, भांडवलाच्या शोधात इंग्लंडहून आलेल्या सर थॉमस शार्पशी लग्न करते आणि कंबरलंडमधल्या त्याच्या अ‍ॅलरडेल हॉलमध्ये राहायला जाते. तिथे थॉमसची बहीण ल्यूसिल आहे आणि घराच्या किल्ल्या तिच्या ताब्यात आहेत. तिने पुढे केलेला चहा पाहूनच आपण ओळखतो की यात काहीतरी कालवलंय. एडिथला ते उमगेपर्यंत अर्ध्याहून अधिक चित्रपट संपतो. रहस्य म्हणून ही बाजू लंगडीच आहे.

पण ते घर! दिवाणखान्याच्या छताला भलंमोठं भगदाड पडलंय. त्यातून आधी वाळकी पानं आणि पुढे बर्फ सरळ घरात पडत राहतो, आणि माणसं त्याखालून निमूट ये-जा करतात. खाली लाल मातीच्या खाणी आहेत आणि घर त्या मातीत हळूहळू रुतत चाललंय. फळ्यांच्या फटींतून, भिंतींवरून लाल चिखल पाझरतो. वारा धुराड्यांत शिरला की सगळं घर श्वास घेतल्यासारखं घुमतं. शार्प घराणं या मातीवरच जगलं आणि आता तीच माती त्यांना गिळते आहे. हे कुणी बोलून दाखवत नाही, डोळ्यांना दिसतं. डॅन लॉस्टसेन यांचा कॅमेरा या पडझडीवर मनापासून रेंगाळतो.

भुतांनी मात्र घात केला. डग जोन्स आणि हाविएर बोतेत यांच्यासारखे कसलेले नट त्यांच्या मागे आहेत, पण लाल रंगाचे ते सांगाडे इतके स्वच्छ दिसतात की कल्पनेला काही कामच उरत नाही. शिवाय ती एडिथला सावध करायला येतात. भूत आपल्या बाजूचं आहे हे कळलं की त्याची भीती कशी वाटणार? आपल्या कथेतलं भूत म्हणजे भूतकाळाचं रूपक, असं एडिथच सुरुवातीला सांगून टाकते. तिने ते सांगायला नको होतं.

खरी भीती वाटते ती एका चमच्याची. आजारी एडिथ अंथरुणात आहे, ल्यूसिल तिला खीर भरवते आहे. भरवता भरवता ती सांगते की वडिलांनी आईचा पाय मोडला तेव्हा आपणच आईची सेवा केली, तिला न्हाऊमाखू घातलं. आणि प्रत्येक घासाआधी चमचा वाडग्याच्या काठावर खरवडते. कर्र, कर्र. ल्यूसिल झालेल्या जेसिका चॅस्टेनचा आवाज मऊ, डोळे थंड. भूत नाही, अंधार नाही, तरी अंगावर काटा येतो, कारण या सेवेचा शेवट काय झाला असेल याचा अंदाज आपल्याला आलेला असतो.

असा आणखी एकच क्षण आहे. हिवाळ्यात बर्फावर लाल माती उमटते, म्हणून लोक या जागेला 'क्रिमसन पीक' म्हणतात, असं थॉमस सहज बोलून जातो. एडिथच्या आईच्या भुताने तिला लहानपणीच याच नावापासून जपायला सांगितलेलं असतं. तिचा चेहरा उतरतो. आपण मात्र ते नाव तिकिटावरच वाचलेलं असतं.

देल तोरो यांनी हे घर टोरंटोच्या स्टुडिओत खरोखर उभारलं होतं, आतून संपूर्ण, मजल्यांसकट. चित्रीकरण संपल्यावर ते पाडून टाकलं.