कोठीघरातली श्रद्धा: ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

आमच्या मराठी मंडळीची उपासना महिन्यातून एकदा होते. बॉस्टनच्या पश्चिमेला एका अमेरिकन चर्चचं तळघर आम्हाला रविवारी दुपारी मिळतं. ‘उपासना संगीत’मधली तीन-चार गाणी, वचन, साक्ष, आणि मग चहाबरोबर कोणीतरी तळून आणलेले वडे. साक्ष कोणीही देऊ शकतं, पण तिचा साचा ठरलेला असतो. संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने मार्ग काढला. आमेन.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर असलेल्यांना हे पुढचं सांगायला नको: नोकरी सुटली की जास्तीत जास्त 60 दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही, किंवा राहण्याची दुसरी सोय लागली नाही, तर मुलांची शाळा, गाडीचे हप्ते, सगळं आवरून परत. त्या महिन्याच्या उपासनेला आमचा तेविसावा दिवस होता. एका ताईंनी उभं राहून मुलाला नोकरी मिळाल्याची साक्ष दिली. सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले. पण मनात आलं, संकट अजून चालू असलेल्या माणसाने कोणती साक्ष द्यायची? आमच्याकडे तिला जागाच नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. लग्नात आईने दिलेलं. तोवर मी ते पुरतं वाचलेलं नव्हतं, हे कबूल करते. आपल्यापैकी बहुतेकांना ते तुकड्यातुकड्यांनीच माहीत असतं. टिळकांचा विसरभोळेपणा, घरखर्चाचे पैसे घेऊन बाहेर पडणं आणि भलतंच काहीतरी करून येणं, लक्ष्मीबाईंचे टोमणे. मराठी वाचकाने या पुस्तकावर मनापासून प्रेम केलं, पण विनोदी संसारकथा म्हणून. विजया मेहतांच्या चित्रपटातली सुहास जोशींची लक्ष्मीबाई ज्यांना आठवते, त्यांनाही आधी तिचा ठसका आठवतो. शांता गोखल्यांच्या उत्तम इंग्रजी अनुवादाच्या उपशीर्षकातसुद्धा ती ‘बाणेदार पत्नी’ अशा अर्थानेच येते. ख्रिस्ती असणं हा या वाचनात पार्श्वभूमीचा पडदा होतो. उलट आमच्या घरांमध्ये हे पुस्तक धर्मांतराची गोष्ट म्हणून कपाटात मानाने ठेवलेलं असतं, आणि तिथेच राहतं.

सलग वाचल्यावर दोन्ही वाचनं अपुरी वाटली. हे पुस्तक श्रद्धेबद्दल आहे, पण ती श्रद्धा देवळात किंवा चर्चमध्ये दिसत नाही. ती कोठीघरात दिसते. डब्यात किती पीठ आहे, जेवायला किती माणसं आहेत आणि आज नवऱ्याने आणखी कोणाला घरी आणलंय, या हिशोबात.

नारायण वामन टिळकांची वाट पुस्तकी म्हणावी अशी आहे. 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटतो, नवा करार हातात देतो, टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकतात आणि 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतात. या वाटेला सुरुवात आहे, वळण आहे, मुक्काम आहे. साक्षीचा साचा इथे अगदी नीट बसतो.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्याच तारखेची दुसरी बाजू आली. नवरा जिवंत असून नवरा नाही. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांचा आधार आणि त्याच नातेवाइकांच्या नजरा. पुढची चार-साडेचार वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. या भागात देव आहे का? आहे, पण तो उत्तर देत नाही. बाई रडतात, आजारी पडतात, भांडतात, कविता जुळवतात आणि मुलाला वाढवतात. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या हे लिहिताना त्यांना माहीत होतंच. तरीही मागे वळून ‘ही सारी देवाची योजना होती’ असं त्या आपल्या दुःखावर लिंपत नाहीत. त्या वेळचा राग त्या वेळचाच ठेवतात. मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी प्रामाणिकता ही वाटते.

नवऱ्याकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळं घेऊन परतल्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात बालपण गेलेली ही बाई. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिली. मग हळूहळू, स्वतःशीच वाद घालत, ही जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी पोचली आणि उत्तर मिळाल्यावर हातचं अन्न-पाणी कोणाचंही चालेल असं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900मध्ये. हा क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी पाणी, मग धर्म. तत्त्व पटलं म्हणून आचरण बदललं असं झालेलं नाही. पाण्याच्या घोटापाशी झगडा झाला आणि त्यातून श्रद्धा आली. मनाने सोडलेली जात अंगातून जायला किती वेळ लागतो, हेही त्या झाकत नाहीत.

इथे बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ आठवतं. तेही मराठी ख्रिस्ती आत्मचरित्र, आणि मोलाचं. पण पदमनजी वाद घालतात, पुरावे मांडतात, वाचकाला एका ठिकाणी आणून सोडतात. लक्ष्मीबाईंना कोणाला कुठेच आणायचं नाही. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी म्हणून सुरू झालेलं हे लेखन ‘संजीवनी’ मासिकात आलं, 1934पासून पुस्तकरूपाने भागाभागाने निघालं. समोरचा वाचक मराठी, बहुतेक हिंदू, ओळखीचा. त्याला बाटवायचं नाही आणि त्याची माफीही मागायची नाही.

मी जिथे राहते त्या मॅसॅच्युसेट्समुळे हा मुद्दा मला जास्त जाणवला असेल. आमच्या नगरच्या मिशनचं मूळ इथलं. इथल्या सेलम गावात 1812च्या फेब्रुवारीत पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली आणि वर्षभराने त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला पोचले. त्या बोर्डाची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मिशनरी जे अहवाल पाठवत, त्यांवर इथल्या चर्चमधली वर्गणी अवलंबून असे. वर्गणीदाराला शेवट गोड असलेली गोष्ट लागते. आमच्या साक्षीचा साचा थोडाफार तिथूनच घडला असावा, असा माझा तर्क आहे. लक्ष्मीबाई कोणत्याच वर्गणीदारासाठी लिहीत नव्हत्या, म्हणून त्यांना शेवट गोड करावा लागला नाही.

आता त्यांच्या घराकडे. नगर आणि राहुरीच्या त्या घरात स्वतःची दोन मुलं, त्यांशिवाय आणलेली, सोडलेली, आपणहून आलेली मुलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, हेही त्यातलेच. रुसवेफुगवे करणारं एक मोठं मूल म्हणून ते इथे भेटतात. ‘परक्यावर प्रीती करा’ हे टिळकांनी अभंगात सांगायचं आणि त्या परक्याचं अंथरूण बाईंनी घालायचं, अशी सरळ वाटणी. प्लेगमध्ये रोग्यांची सेवाही त्यांनी केली. त्या चिडतात, कुरकुरतात, नवऱ्याच्या औदार्याचा हिशोब मांडतात, आणि ताटं वाढतात. कुरकुर आणि वाढणं यांत त्यांना विसंगती वाटत नाही. माझ्या ओळखीच्या चर्चमध्ये कुरकुरीला अविश्वास समजतात. हे पुस्तक वाचल्यावर मी ते मानणं सोडलं.

मोठा घाव 1917चा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र, असं त्याचं स्वरूप. टिळकांचे चरित्रकार इथे भारावून जातात, आणि कल्पना भारावण्यासारखी आहेच. पण मी वाचत होते तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिवस खोडलेले होते. ज्या माणसाने पगार आपणहून सोडला, त्याच्या बायकोच्या बाजूने मी ती पानं वाचली. लक्ष्मीबाई त्याला थोरही म्हणतात आणि घर कसं चालायचं हेही विचारतात. दोन वर्षांत, 9 मे 1919ला, टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पुढे बाईंनी पुरं केलं. ज्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं, त्यांचंच काव्य.

एका जागी मात्र माझं या पुस्तकाशी जमत नाही. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगमध्ये आलेली, महारवाड्यातली पोर. नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबं अशीच महार-मांग समाजांतून आली. ‘स्मृतिचित्रे’त ती आहेत: शेजारी म्हणून, कामाला, पोरकी मुलं म्हणून. प्रेमानेही आहेत. पण जात सोडण्याचा थरार ज्याच्याकडे सोडण्याजोगी जात होती त्याचाच. ज्याच्या हातचं पाणी शेवटी प्यायलं गेलं, त्याला त्या क्षणी काय वाटलं, हे पुस्तकाला ठाऊक नाही. पणजीने काही लिहिलं नाही. मराठी समीक्षेने ब्राह्मण स्त्रीच्या या प्रवासाला डोक्यावर घेतलं ते रास्तच. पण मराठी ख्रिस्ती माणूस म्हटलं की टिळकांचंच घर डोळ्यांपुढे यावं, हा त्या कौतुकाचा तोटा झाला. अमेरिकेतल्या मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी ‘तुम्ही मूळचे कोण?’ असं विचारतं तेव्हा तो तोटा मला अजून मोजावा लागतो.

पुस्तकाचा उत्तरार्ध कमी वाचला जातो, आणि शेवट तर मुलगा देवदत्त यांनी पुरा केलेला. आईच्या बोलण्यातला झटका तिथे नाही. तरी परदेशातल्या वाचकाने हा भाग सोडू नये. पन्नाशीतली विधवा, आधी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नोकरी, मग मुलामागे कराची. नवं शहर, नवी भाषा, मुलाच्या पगारावर टेकलेलं घर. आपल्याकडे मुलांच्या घरी सहा-सहा महिने येऊन राहणाऱ्या आयांना हे वाचायला द्यायला हवं. स्वतःवर हसण्याची सवय बाईंनी तिथेही सोडलेली नाही.

नवऱ्याला बावन्नाव्या दिवशी नोकरी लागली, आधीच्या पगारापेक्षा कमी पगाराची, दोन तास लांबची. पुढच्या उपासनेत पाळकांनी माझ्याकडे पाहून साक्ष देणार का विचारलं. मी म्हटलं, साक्ष नको, थोडं वाचून दाखवते. आणि टिळक परत यायच्या आधीची, पंढरपूरची चार पानं वाचली. वाचून झाल्यावर आमेन म्हणायचं की नाही, हे कोणाला कळेना.