निर्जीव गोलाची साक्ष

ध्यानसाधनेमुळे मेंदूत बदल घडतो हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे विधान धम्मविषयक लेखनात व व्याख्यानांत वारंवार आढळते. सोबत मेंदूचे चित्र असते व त्यावर लाल-पिवळे ठिपके चमकत असतात. परंतु ज्या यंत्राने ते चित्र काढले त्या यंत्राचीच परीक्षा झाली होती काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या दृष्टीने ली फ्रीडमन व गॅरी ग्लोव्हर यांनी फंक्शनल एमआरआयच्या गुणवत्ता-तपासणीविषयी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अहवालामागील तत्त्व कोरपना तालुक्यातील वाचकांस परके नाही. गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटची ताकद तपासताना एक भाग सिमेंट व तीन भाग प्रमाणित वाळू घेऊन ठोकळे पाडतात. ही वाळू तामिळनाडूतील एन्नोरची असते. जवळच्या नाल्यातील वाळू तेथे चालत नाही. वाळू दर वेळी निराळी असेल, तर ठोकळा लवकर फुटल्यास दोष सिमेंटचा की वाळूचा, हे कळणार नाही. एक बाजू ज्ञात व स्थिर असेल, तरच दुसरीचे माप निघते.

फंक्शनल एमआरआयमधील ही ज्ञात बाजू म्हणजे फँटम होय. अहवालातील फँटम हा समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अगारच्या जेलीने भरलेला, १७ सेंटिमीटर व्यासाचा गोल आहे. त्यात रक्त नाही, विचार नाही. दर दोन सेकंदांस एक याप्रमाणे त्याच्या २०० प्रतिमा घेतात. प्रत्येक प्रतिमेच्या मध्यभागातील २१ गुणिले २१ घरांची सरासरी काढतात. त्या सरासरीतील संथ उतार-चढाव वेगळा केल्यावर जी थरथर उरते, ती यंत्राचीच असते. मेंदूतील रक्ताच्या प्राणवायूशी निगडित संकेत पुष्कळदा एक-दोन टक्क्यांचाच असतो. यंत्रच तेवढे डळमळत असेल, तर ठिपका साधकाच्या चित्ताचा की यंत्राच्या दोषाचा, हे कोण सांगणार? हा प्रश्न अंकांत मांडून निरनिराळ्या केंद्रांतील यंत्रांना एकाच कसोटीवर आणणे, हे या अहवालाचे मोठे श्रेय आहे.

तथापि या साक्षीस मर्यादा आहे. जेलीचा गोल श्वास घेत नाही. साधकाचा श्वास मात्र ध्यानात मंदावतो. श्वास मंदावला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, रक्तवाहिन्या रुंदावतात व संकेत बदलतो. आनापानसतीचा अभ्यास करणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका उघड आहे. यंत्र निर्दोष ठरले तरी श्वासाची स्वतंत्र नोंद नसेल, तर निष्कर्ष अपुराच राहतो.

दुसरी मर्यादा गणिताची. क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ साली मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’. हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना लागणारी दुरुस्ती न केल्यामुळे माशाच्या मेंदूतही ‘क्रिया’ दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. यंत्र ठीक असूनही अनुमान चुकते, ते असे.

केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी ऐकीव गोष्टीवर व आचार्यांच्या अधिकारावर विसंबू नये असे सांगितले. तीच चिकित्सा आपल्याला अनुकूल वाटणाऱ्या चित्रासही लागू करणे, ही आपली जबाबदारी आहे. ध्यानाचे मोल चमकत्या ठिपक्यांवर अवलंबून नाही. म्हणूनच कच्च्या पुराव्याचा आधार घेऊन ते पणाला लावण्याचे कारण नाही. यापुढे असे चित्र समोर आले, तर वक्त्यास व लेखकास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यंत्र फँटमवर तपासले होते काय? श्वासाची नोंद ठेवली होती काय? गणितातील दुरुस्ती केली होती काय? उत्तर मिळेपर्यंत ‘सिद्ध झाले’ हा शब्द आम्ही राखून ठेवू.