गाण्याआधी येणारी गोष्ट

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात जाहिरात छापून आली. २२ वर्षांची गुलाम स्त्री विकणे आहे. धडधाकट, घरकामात आणि शेतकामात तयार. विकण्याचं कारण तिचा काही दोष नव्हे, मालकाकडे तिला देण्याइतकं काम उरलेलं नाही. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: तिला नऊ महिन्यांचं मूल आहे, ते सोबत न्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. रिॲनन गिडन्स या गायिकेच्या नजरेला ही जाहिरात पडली आणि तिनं त्यावर गाणं रचलं. २०१७ च्या ‘फ्रीडम हायवे’ या अल्बमची सुरुवात त्याच गाण्यानं होते. जाहिरातीतल्या त्या शेवटच्या वाक्यातले शब्दच गाण्याचं शीर्षक आहेत. गाण्यात ती आई स्वतः बोलते. जाहिरातीची हकिकत गाण्यात येत नाही, ती गिडन्स मंचावरून सांगते आणि मग बँजोला हात घालते.

अमेरिकाना किंवा रूट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतात आज हे सर्रास चालतं. गाण्याआधी गोष्ट येते. कंट्री, ब्लूज, ब्लूग्रास, गॉस्पेल आणि जुनी लोकगीतं यांच्या संगमावर उभ्या असलेल्या या प्रवाहाला १९९९ मध्ये नॅशव्हिल इथं अमेरिकाना म्युझिक असोसिएशनच्या रूपानं स्वतःची संस्था मिळाली. २०१० मध्ये ग्रॅमीनं अमेरिकाना अल्बमसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान लेव्हॉन हेल्म यांना मिळाला. नाव झालं, दरबारी जागा मिळाली, आणि त्याबरोबर प्रसिद्धीचा एक ठरलेला रिवाजही आला. अल्बम यायच्या आधी दोन-तीन गाणी सुटी प्रसिद्ध करायची आणि प्रत्येक गाण्यासोबत गायकाचं निवेदन द्यायचं: हे गाणं मला कसं सुचलं, तेव्हा माझ्या आयुष्यात काय चाललं होतं. मासिकं तेच छापतात, रेडिओवरचे निवेदक तेच सांगतात, पॉडकास्टवर तेच पुन्हा विचारलं जातं. गाणं कानावर पडण्याआधीच त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती ठेवलेला असतो.

यात मी कलावंतांना दोष देणार नाही. एकेका ऐकण्यामागे सेंटचाही लहानसा अंश देणाऱ्या स्ट्रीमिंगवर कुणाचं घर चालत नाही. तिकिटं खपली, रेकॉर्ड विकल्या गेल्या तरच पुढचा दौरा निघतो, आणि त्यासाठी श्रोत्याशी ओळख हवी. ती ओळख गोष्टीतून होते. शिवाय गोष्ट सांगणं ही या संगीताची जुनी रीतच आहे. नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे १९८२ मध्ये सुरू झालं. जागा जेमतेम ९० माणसांची. १९८५ पासून तिथं गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून बसू लागले, भोवती श्रोते, आणि गाणं चालू असताना गप्पा मारायला बंदी. एकानं दोन मिनिटं गाण्याची जन्मकथा सांगायची, गाणं म्हणायचं, मग पाळी दुसऱ्याची. कीर्तनकाराचं निरूपण जसं समोर बसलेला समाज पाहून रोज थोडं बदलतं, तशी तिथली गोष्टही बदलते. छापील निवेदन मात्र एकदा निघालं की गोठतं, आणि गाण्याला कायमचं चिकटून बसतं.

मला प्रश्न पडतो तो एवढाच: ही गोष्ट श्रोत्याचं तोंड कुणाकडे वळवते? गायकाकडे, की गाण्यातल्या माणसांकडे?

जेसन इस्बेलचं उदाहरण घ्या. आजच्या अमेरिकानातला तो सर्वांत कसबी गीतकार, असं माझं मत आहे. २०१२ मध्ये त्यानं दारू सोडली आणि २०१३ मध्ये ‘साउथईस्टर्न’ हा अल्बम आला. व्यसनातून उठलेला माणूस ही त्याची ओळख तेव्हापासून पक्की झाली. त्याच अल्बममध्ये ‘लाइव्ह ओक’ नावाचं गाणं आहे. एक खुनी, लुटारू माणूस सुधारतो, एका बाईच्या प्रेमात पडतो, आणि तिला आपल्यातला जुना गुन्हेगारच अधिक आवडतो की काय या शंकेनं पोखरला जातो. इस्बेलनं सांगितलेली मूळ भीती अगदी त्याची स्वतःची होती: दारूबरोबर माझ्यातलं काही चांगलंही गेलं तर? पण गाण्यात दारूचा थेंब नाही, इस्बेल नाही. आपली भीती त्यानं दुसऱ्या काळातल्या दुसऱ्याच माणसाच्या अंगावर चढवली आणि तिला शेवटापर्यंत जाऊ दिलं. मागची गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही हे गाणं पुरेपूर पोचतं.

आता २०२५ चा ‘फॉक्सेस इन द स्नो’ ऐका. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, १९४० सालच्या एका मार्टिन गिटारवर, एकट्यानं गायलेला अल्बम. अमँडा शायर्स ही त्याची आधीची पत्नी, स्वतः उत्तम फिडलवादक आणि गीतकार. दोघांच्या घटस्फोटाची बातमी सगळ्यांना आधीच ठाऊक होती. त्यामुळे अल्बम आला तेव्हा श्रोते गाणी ऐकत नव्हते, पुरावे गोळा करत होते. पुढे सप्टेंबरात शायर्सचा ‘नोबडीज गर्ल’ आला आणि तोही समोरच्या पक्षाचा जबाब असल्यासारखा वाचला गेला. ‘ग्रेव्हलवीड’मध्ये इस्बेल स्वतःच्या जुन्या प्रेमगीतांचा अर्थ बदलून गेल्याची कबुली देतो. विचार मोठा आहे, चालही घट्ट आहे. तरीही मला ते गाणं ‘लाइव्ह ओक’हून लहान वाटतं. जुनी प्रेमगीतं कोणती आणि ती कुणासाठी होती, हे आधी कळल्याशिवाय ते पुरतं उघडत नाही. चरित्राचा टेकू काढला की ते थोडं कलतं.

आणि गीतकाराला तरी आपल्या गाण्याचा उगम कुठे ठाऊक असतो? ल्युसिंडा विल्यम्सच्या ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ या गाण्याची हकिकत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. याच नावाचा तिचा अल्बम १९९८ चा. गाण्यात दक्षिणेतलं एक घर आहे, स्वयंपाकघर आहे, रेडिओ आहे, मोठ्यांचे ताणलेले आवाज आहेत, आणि मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेलं एक मूल आहे. ब्लूबर्ड कॅफेत ती हे गाणं गायली तेव्हा तिचे वडील, कवी मिलर विल्यम्स, श्रोत्यांत होते. कार्यक्रम संपल्यावर ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, मला माफ कर. कशाबद्दल, हे तिला कळेना. मागच्या सीटवरची ती मुलगी तूच आहेस, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. गाणं लिहून झालं होतं, बसवून झालं होतं, लोकांसमोर गायलं गेलं होतं, आणि ते कशावर आहे हे गायिकेला एका श्रोत्याकडून समजलं. प्रसिद्धीसाठी आधीच निवेदन लिहून दिलं असतं, तर तिनं त्यात काय लिहिलं असतं? काही गीतकार तर जाणूनबुजून सांगत नाहीत. बॉबी जेंट्रीनं १९६७ च्या ‘ओड टु बिली जो’मध्ये पुलावरून खाली काय फेकलं गेलं ते कधीच सांगितलं नाही. बिली जोच्या मृत्यूची बातमी जेवणाच्या टेबलावर भाजीभाकरीबरोबर फिरवणाऱ्या कुटुंबाचा कोरडेपणा तिला दाखवायचा होता. तिचं न सांगणं गाण्याच्या बांधणीतच मुरलेलं आहे.

मग गोष्ट सांगूच नये का? सांगावी, आणि काही वेळा सांगितलीच पाहिजे, कारण या संगीताच्या पायातच नावं गाळण्याची सवय आहे. १९२७ मध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवर ब्रिस्टल गावात राल्फ पीअरनं व्हिक्टर कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणं केली, तिथून कार्टर कुटुंबाचा उदय झाला. ए. पी. कार्टर पुढे डोंगराळ मुलखात फिरून गाणी गोळा करत, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णी गिटारवादक त्यांच्याबरोबर असे. कार्टर शब्द उतरवून घेत, रिडल चाल डोक्यात साठवून आणी. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं लागलं. रिडलची आठवण जगाला झाली ती १९६० च्या दशकात, लोकसंगीताचा संग्राहक माइक सीगरनं त्याला शोधून काढल्यावर. ज्या परंपरेत गाणं कुणाकडून आलं हेच पुसलं गेलं, तिथं उगम सांगणं हे कर्ज फेडणं आहे.

लोकगायक वूडी गथ्रीच्या ‘डिपोर्टी’चा प्रवास तर याहून लांबचा. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसच्या दरीत एक विमान कोसळलं. मेक्सिकन शेतमजुरांना परत पाठवलं जात होतं. ३२ माणसं गेली, त्यांतले २८ मेक्सिकन. बातम्यांमध्ये चार अमेरिकनांची नावं आली, बाकीचे नुसते ‘परत धाडलेले’. गथ्री त्या बातमीनं हलला आणि त्यानं गाणं लिहिलं. नावं त्यालाही ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं काही कल्पिली. चाल पुढे मार्टिन हॉफमन या शिक्षकानं दिली. टिम हर्नांडेझ या लेखकानं कितीतरी वर्षांनी खऱ्या नावांचा माग काढला आणि २०१३ मध्ये फ्रेस्नोच्या दफनभूमीत सगळी २८ नावं कोरलेली शिळा बसली. गाण्यामागची गोष्ट तिथं गाण्याच्या पुढे गेली.

गिडन्स, ॲमिथिस्ट काया, लेला मकाला आणि ॲलिसन रसेल या चौघींनी मिळून २०१९ मध्ये स्मिथसोनियन फोकवेजसाठी केलेला ‘साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स’ हा मला गेल्या दशकातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम वाटतो, तो याच कारणानं. चौघींच्याही हातात बँजो, म्हणजे आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या वाद्यांचा वारस. त्यात रसेलनं आपल्या एका पूर्वजेचं गाणं केलं आहे. घानाच्या किनाऱ्यावरून ग्रेनाडात विकली गेलेली ती क्वाशेबा. नाव घेऊन, दोनदा हाक मारून. २०२१ च्या ‘आउटसाइड चाइल्ड’मध्ये रसेल स्वतःच्या बालपणीच्या अत्याचारांबद्दल गाते. इतकं उघडं आत्मकथन, तरी ते तिच्यापाशी थांबत नाही. ज्या माँट्रियल शहरानं घरातून पळालेल्या मुलीला आसरा दिला त्या शहरालाही ती गाणं देते. इथं एक गोष्ट मात्र सलते. गोऱ्या गायकानं आपल्या घटस्फोटाचं सांगितलं की ती कला. काळ्या गायिकेला आधी बँजो आपल्या हातात का, याचा इतिहास सांगावा लागतो आणि मग गाणं. हे ओझं त्यांनी हौसेनं घेतलेलं नाही.

म्हणून टायलर चिल्डर्सचं २०२० मधलं पाऊल मोलाचं. केंटकीतल्या कोळसापट्ट्यातला हा गायक. ‘लाँग व्हायोलंट हिस्टरी’ हा त्याचा अल्बम जवळजवळ सगळा फिडलच्या धुनांचा, शेवटी एकच गाणं. त्याबरोबर त्यानं एक चित्रफीत दिली आणि आपल्याच गोऱ्या, ग्रामीण, कष्टकरी श्रोत्यांना विचारलं: पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या ब्रिओना टेलरसारखं मरण आपल्या माणसांना आलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का? निवेदन कसं असावं याचा तो नमुना आहे. त्यात मला काय वाटलं याहून तुम्ही काय कराल हे अधिक होतं. २०२५ च्या ‘स्नाइप हंटर’मध्ये त्याचं ‘तीर्थयात्रा’ नावाचंच गाणं आहे. गीतेच्या ओढीनं कुरुक्षेत्राला जाण्याची इच्छा त्यात आहे. परक्या धर्माशी असली सलगी पुष्कळदा वरवरची निघते. चिल्डर्स आपली केंटकीची बोली आणि आपलं अर्धंमुर्धं ज्ञान लपवत नाही, म्हणून मला त्यातली ओढ खरी वाटली.

गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा रिवाज याहून वेगळा, फार कमी बोलण्याचा. मार्च २०२० च्या टोर्नेडोनं त्यांच्या नॅशव्हिलमधल्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर उडालं आणि भर पावसात रात्रभर त्यांनी ध्वनिफिती वाचवल्या. २०२४ च्या अल्बमला त्यांनी स्टुडिओचंच नाव दिलं. वादळाची गोष्ट सगळीकडे छापून आली, पण अल्बमचं पहिलं गाणं निघालं ते एका साध्या दृश्यातून: रिकामी मालगाडी, डब्यांची उघडी दारं, आरपार दिसणारं आकाश. वेल्चनं एवढंच सांगितलं. गाण्यात त्या रिकामेपणाचं काय होतं ते श्रोत्यानं पाहायचं. त्याच अल्बममधलं ‘हॅशटॅग’ ज्येष्ठ गीतकार गाय क्लार्कच्या आठवणीतलं आहे, आपल्यासारख्यांचं नाव जगभर झळकतं ते मेल्यावरच, हे जाणून लिहिलेलं.

समीक्षकांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. सिएरा फेरेलला ‘ट्रेल ऑफ फ्लॉवर्स’साठी २०२५ मध्ये चार ग्रॅमी मिळाले. तिच्यावरचे लेख वाचावेत तर वेस्ट व्हर्जिनियातलं बालपण, मालगाड्यांतून फुकट प्रवास, रस्त्यावरचं गाणं, हे पुन्हा पुन्हा येतं. ती स्वर कुठे ओढून धरते, वॉल्ट्झच्या तीन मात्रांत शब्द कसा मागे ठेवते, जुन्या फिडलच्या चालींतून तिनं काय उचललं, याबद्दल चार ओळी सापडत नाहीत. गोष्ट आयती मिळते म्हणून कान बंद ठेवायचे, ही समीक्षा नव्हे.

गिडन्सनं जुना सहकारी जस्टिन रॉबिन्सनबरोबर केलेला, २०२५ मध्ये आलेला अल्बम या सगळ्याला वेगळं उत्तर देतो. वीस वर्षांपूर्वी ही मंडळी नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबन गावी जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णी फिडलवादकाकडे दर आठवड्याला शिकायला जात. थॉम्पसन २०१२ मध्ये गेले. नव्या अल्बमसाठी दोघं बँजो आणि फिडल घेऊन त्यांच्या घरी गेले आणि बाहेर उघड्यावर बसून वाजवलं. तेव्हा जमिनीतून निघालेल्या सिकाडा किड्यांची किरकिरही मुद्रणात तशीच राहू दिली. अनेक धुनांना शब्द नाहीत, सांगण्यासारखा कुणाचा घटस्फोट किंवा व्यसन नाही. धून कुणाकडून घेतली आणि कुठे बसून वाजवली, एवढंच श्रोत्याला सांगितलेलं आहे, आणि थॉम्पसनचं नाव त्यात पहिल्यापासून आहे.