फुंके अकिंदेले : योरुबा चित्रपटातील विनोद आणि भाषेचा प्रश्न

योरुबा ही नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील प्रमुख भाषा होय. या भाषेतील चित्रपटाची मुळे फिरत्या नाटक मंडळ्यांच्या परंपरेत आढळतात. ह्युबर्ट ओगुंडे यांच्यासारख्या नाटककार-नटांनी रंगभूमीवरील प्रेक्षक पडद्याकडे नेला, तर मोझेस ओलाइया यांनी 'बाबा साला' या पात्राद्वारे विनोदाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे व्हिडिओ तंत्रज्ञानामुळे हा चित्रपट घराघरांत पोहोचला. फुंके अकिंदेले यांच्या कारकिर्दीचा विचार या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक ठरते.

लागोस राज्यातील इकोरोडू येथे १९७७ साली जन्मलेल्या अकिंदेले प्रथम परिचित झाल्या त्या 'आय नीड टू नो' या इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेमुळे. किशोरवयीनांच्या प्रश्नांवरील ही मालिका १९९८ ते २००२ या काळात प्रसारित झाली. त्यांना खरी कीर्ती मात्र 'जेनिफा' (२००८) या योरुबा चित्रपटाने दिली. या भूमिकेसाठी २००९ साली त्यांना आफ्रिका मूव्ही अकॅडमी पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान लाभला.

सुलियात ही खेड्यातील मुलगी विद्यापीठात येते, शहरी मुलींच्या गटात शिरण्यासाठी 'जेनिफा' हे नाव धारण करते आणि मोडकेतोडके इंग्रजी ठासून बोलते. योरुबा भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत 'व्ह' आणि 'झ' हे ध्वनी नाहीत. शिवाय ती स्वरभेदाने अर्थ बदलणारी भाषा आहे. अशा मातृभाषेचा ठसा इंग्रजीवर उमटणे स्वाभाविकच होय. या ठशाला चित्रपट हास्याचा विषय बनवतो. हे हास्य खेडवळ मुलीची अवहेलना करते, असा आक्षेप घेता येईल व तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि अकिंदेले यांचा अभिनय या आक्षेपाला परस्पर उत्तर देतो. त्यांची जेनिफा चुकताना संकोचत नाही. परिणामी प्रेक्षक तिच्या उच्चारांना हसता हसता इंग्रजीला मिळणाऱ्या अवाजवी प्रतिष्ठेलाही हसू लागतो.

२०१५ पासून हेच पात्र 'जेनिफाज डायरी' या मालिकेत अवतरले. तेथे मात्र संवादांची मुख्य भाषा इंग्रजी झाली. 'ओमो घेट्टो' (२०१०) या योरुबा चित्रपटाचा 'ओमो घेट्टो : द सागा' (२०२०) हा पुढील भागही मिश्र भाषेकडे वळला. 'अ ट्राइब कॉल्ड जुडाह' (२०२३) हा देशांतर्गत चित्रपटगृहांत एक अब्ज नायरांहून अधिक उत्पन्न मिळवणारा पहिला नायजेरियन चित्रपट ठरला. वेगवेगळ्या वांशिक समूहांतील पित्यांपासून झालेले पाच मुलगे आणि त्यांची एकाकी आई, ही त्याची कथाच बहुभाषिक आहे. येथे योरुबा ही अनेक भाषांपैकी एक होते. देशव्यापी प्रेक्षक मिळवण्यासाठी हा मार्ग व्यवहार्य होता, हे मान्य करावे लागेल.

योरुबा चित्रपट यामुळे संपला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कुन्ले अफोलायान यांचा 'अनिकुलापो' (२०२२) व फेमी अडेबायो यांचा 'जगुन जगुन' (२०२३) हे योरुबा चित्रपट नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचले. परंतु दोन्हींचा विषय राजेरजवाड्यांचा, योद्ध्यांचा भूतकाळ आहे. भूतकाळासाठी योरुबा आणि वर्तमानातील शहरासाठी मिश्र इंग्रजी, अशी विभागणी मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत रूढ होण्याचा धोका येथे संभवतो. एखादी भाषा केवळ वैभवशाली इतिहासाची वाहक उरली, तर तिच्या भाषकांचे आजचे जगणे तिच्यात व्यक्त होण्याची संधी आकुंचित होते.

म्हणूनच 'जेनिफा'चे महत्त्व तिच्या लोकप्रियतेपुरते मर्यादित राहत नाही. वसतिगृह, चंगळ, महत्त्वाकांक्षा आणि फसगत हे समकालीन अनुभव तिने योरुबा भाषेतच मांडले. अकिंदेले यांचे नंतरचे व्यावसायिक यश निर्विवाद आहे. मात्र योरुबा चित्रपटाच्या दृष्टीने त्यांचे अधिक मोलाचे कार्य या आरंभीच्या, कमी साधनांच्या टप्प्यातच आढळते.